नऊ आण्यांचे पुस्तक आणि एक टीप : प्रकल्प नोंदी

८ जून २०२४
हक्कांतून मोकळी झालेली जुनी मराठी पुस्तके टंकून, टिपांसह ई-पुस्तक म्हणून सगळ्यांसाठी खुली करायची, हे आमच्या गटाचे काम. पुढचे पुस्तक ठरले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (१८५७) तीन मतांनी मागे पडले आणि ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुढे आली. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेले छोटेखानी पुस्तक. प्रती ५००, किंमत नऊ आणे. बाईंचे हे एवढेच पुस्तक. तेव्हा टीका झाली आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे ते कोणाच्या फारसे लक्षातही नव्हते. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले नसते तर आज आपण मतदान तरी कशावर घेतले असते?

कामाची वाटणी: बुलढाण्याचे गुरुजी (निवृत्त शिक्षक, ताराबाईंच्याच गावचे, त्यामुळे आवाज जरा चढा) दुसरे वाचन करतील. संस्कृत आणि पुराणकथांच्या टिपा नागपूरची शास्त्रीबाई लिहील. ती एम. ए. करते, 'शास्त्री' ही पदवी आम्हीच बहाल केली आहे. डब्लिनचा दादा ईपब (फोनवर वाचायची ई-पुस्तकाची फाइल) बांधेल. कोणते पान कुठवर आले त्याचा तक्ता, भांडणे आणि चहा माझ्याकडे.

नमुना म्हणून मुखपृष्ठाची टीप मी आजच लिहून टाकली. मुखपृष्ठावर पुस्तकाचा हेतू छापला आहे: स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवणे. मी लिहिले: 'साहसी – धाडसी, शूर.' दोन मिनिटांत काम झाले.

११ जून
हक्कांची (कॉपीराइटची) तपासणी. ताराबाईंचे निधन १९१० च्या सुमाराचे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. (पूर्वी ५० होती, रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत १९९१ अखेर संपत होती तेव्हा ती वाढवली.) युरोपात ७०. कुठूनही मोजा, ताराबाई मोकळ्या आहेत.

मालशे मात्र नाहीत. ते १९९२ मध्ये गेले, म्हणजे त्यांची प्रस्तावना आणि टिपा २०५२ संपेपर्यंत त्यांच्या वारसांच्या. रोझलिंड ओ'हॅन्लन यांच्या १९९४ च्या इंग्रजी भाषांतरावरही हक्क आहे. दोन्ही वाचायला काही हरकत नाही, त्यांतली माहिती कोणाच्या मालकीची नसते. वाक्ये असतात. म्हणून गटाचा नियम पुन्हा एकदा सांगितला: वाचा, पुस्तक मिटा, चहा घ्या, मग लिहा. चहाचा भाग गंभीरपणे घ्यावा. मध्ये वेळ गेला नाही की दुसऱ्याची वाक्यरचना बोटांतून उतरते.

१९ जून
पानांचे फोटो आले. कागद पिवळा, शाई मागच्या बाजूला उमटलेली, दोन पानांचा आतला समास शिलाईत गेलेला. ओसीआर (फोटोतली अक्षरे ओळखून मजकूर करून देणारे यंत्र) लावून पाहिले. 'ख'चा 'रव' झाला, 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म'. हे नेहमीचेच. खरी गंमत 'ह्म'ची. त्या काळची छपाई 'म्हणून' असे न लिहिता 'ह्मणून' लिहिते. तुह्मी, आह्मी, ह्मणे. यंत्राने काही ठिकाणी त्याचे 'ह्य' केले, काही ठिकाणी शहाणपणा दाखवून आधुनिक 'म्ह' लिहिला. चुकलेला ओसीआर परवडतो, चूक डोळ्यांत भरते. शहाणा ओसीआर जास्त धोक्याचा.

पानांना रंग देण्याची पद्धत विकिस्रोताची (जुनी पुस्तके मिळून टंकणाऱ्या संकेतस्थळाची) उचलली आहे: न तपासलेले लाल, एकदा तपासलेले पिवळे, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासले की हिरवे. आज तक्ता लालेलाल.

२ जुलै
शुद्धलेखनावर अडीच तास. शास्त्रीबाईचे म्हणणे, मूळ जसेच्या तसे ठेवा. दादाचे म्हणणे, 'हें', 'तें', 'करितां' पाहून आजचा वाचक दुसऱ्या पानावर पळेल. दोन्ही खरे. शेवटी दोन प्रती करायच्या ठरल्या: एक मूळ लेखनाची, एक वाचनप्रत, १९६२ च्या नियमांनी सुधारलेली.

वाटले होते की वाचनप्रत म्हणजे अनुस्वार झाडून काढायचे काम, दादा आज्ञावली लिहील आणि रात्रीत होईल. सकाळी गुरुजींचा फोन. "ताई, 'घरांत' म्हणजे एका घरात की अनेक घरांत?" आजच्या नियमाने एकवचन 'घरात' आणि अनेकवचन 'घरांत'. जुन्या लेखनात दोन्ही 'घरांत'च. म्हणजे प्रत्येक अनुस्वारापाशी थांबून ठरवायचे की बाई एका घराबद्दल बोलतात की सगळ्या घरांबद्दल. आणि या पुस्तकात तो फरक लहान नाही. एका घरातली तक्रार वेगळी, घराघरांतली वेगळी.

आज्ञावली रद्द. अनुस्वार हातानेच. जिथे एकमत होणार नाही तिथे मूळ रूप तसेच ठेवून खाली टीप.

६ जुलै
फक्त तांत्रिक. 'तऱ्हा'तला तो डोळ्याच्या पापणीसारखा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) 'ऱ'ला हलन्त जोडून, किंवा साध्या 'र'ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला तंतोतंत सारखे, शोधायला गेलात तर दोन वेगळे शब्द. आमच्यातल्या निम्म्यांचे कळफलक एका बाजूला, निम्म्यांचे दुसऱ्या. सगळीकडे नुक्त्याचा 'ऱ' करून घेतला.

१४ जुलै
नको तो प्रसंग झाला. मधली नऊ पाने एका नव्या सहकाऱ्याने दोन दिवसांत पिवळी केली. इतकी स्वच्छ की मला आनंदच झाला. गुरुजींना झाला नाही. त्यांना त्या नऊ पानांत एकही 'ह्म' सापडला नाही, विरामचिन्हेही सगळी शिस्तीत. फोटोतल्या पानांवर वाक्य सुरू होते ते अर्धा परिच्छेद ओलांडून थांबते, मध्ये स्वल्पविरामाचा पत्ता नाही. इंग्रज कोशकार कॅन्डीसाहेबांनी मराठीसाठी विरामचिन्हांची परिभाषा १८५० मध्ये सांगून ठेवली होती खरी, पण बाई बोलायला लागल्या की श्वास कुठे घ्यायचा ते त्याच ठरवतात.

विचारल्यावर कळले, त्याने घरातल्या एका नव्या छापील आवृत्तीवरून टंकले होते. लबाडी नव्हती, फोटो नीट वाचता येईनात आणि मजकूर तोच तर आहे, असे त्याला वाटले. मजकूर तोच नव्हता. त्या आवृत्तीच्या संपादकाने वाक्ये तोडली होती, दोन शब्द बदलले होते आणि एक तर चक्क गाळला होता.

गुरुजी रागावले नाहीत, पण एकनाथांची गोष्ट काढली. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावून ठेवले की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. डब्लिनहून प्रश्न आला, "नरोटी म्हणजे?" नारळाची करवंटी, दादा. तक्त्यातल्या नऊ ओळी पुन्हा लाल. आता गटात कोणी पान बिघडवले की 'नरोटी' एवढाच शब्द लिहितात. ज्याच्यामुळे हा शब्द आला त्यानेच ती नऊ पाने पुन्हा केली, फोटो मोठे करकरून, आणि त्याच्याइतके नेटके काम नंतर कोणाचे झाले नाही.

२८ जुलै
टिपा सुरू. पहिला खर्डा हाती आला आणि धडकी भरली. शास्त्रीबाईने प्रत्येक देवाला टीप दिली आहे. सावित्रीलासुद्धा. गुरुजी म्हणाले, मराठी वाचकाला सावित्री सांगायची म्हणजे आईला मामाचे गाव सांगण्यासारखे. दादा म्हणाला, माझ्या मुलीला सांगावी लागेल, ती बारा वर्षांची आहे आणि मराठी वाचते. ताराबाईंचा टोला असा: सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, बायकोसाठी त्या वाटेने निघालेला एखादा नवरा ऐकिवात आहे का? सावित्री माहीत नसेल तर टोला हवेत जातो. सावित्री राहिली, एका ओळीत.

'नऊ आणे'ची टीप मात्र मी आवळली. कोणीतरी 'आजच्या हिशेबाने सुमारे इतके रुपये' असे लिहिले होते. अशा आकड्यांवर माझा विश्वास नाही. तांदळाने मोजा एक उत्तर येते, सोन्याने मोजा दुसरे. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे नऊ आणे ही अर्ध्या रुपयाहून एका आण्याने जास्त किंमत. इतके पुरे.

९ ऑगस्ट
बाई आपल्या काळच्या पुस्तकांवरही तुटून पडतात: 'मुक्तामाला', 'मंजुघोषा', 'मनोरमा' नाटक. इथे टीप लागतेच, कारण ही नावे आता वाङ्मयेतिहासाच्या परीक्षेपुरती उरली आहेत. 'मुक्तामाला' लक्ष्मणशास्त्री हळब्यांची, १८६१ ची. 'मंजुघोषा' नारो सदाशिव रिसबुडांची, त्याच दशकातली. 'मनोरमा' महादेव बाळकृष्ण चितळ्यांचे, १८७१. साल आणि लेखक लिहून मोकळे होता आले असते. पण ताराबाई चिडल्या त्या कशाने, हे त्यातून कळत नाही. मी 'मुक्तामाला' वाचायला घेतली आहे. सद्गुणी नायिकेवर संकटांमागून संकटे कोसळतात आणि ती सद्गुणीच राहते. दोनशे पानांनंतर मीही चिडले. टिपेत एवढेच लिहिले: या पुस्तकांतल्या बायका एक तर देवी असतात किंवा कारस्थानी, ताराबाईंचा आक्षेप या दोन्हींच्या मध्ये कोणी नसण्याला आहे. शास्त्रीबाईचा शेरा: "ही टीप नाही, मत आहे." बरोबर आहे तिचे. दुसरा भाग काढून प्रस्तावनेत टाकला, माझ्या नावाने.

१८ ऑगस्ट
आजची नोंद लांबणार.

शास्त्रीबाई श्लोकाच्या टिपेवर होती. ताराबाई पुरुषांनी बायकांवर ठेवलेले आरोप एकेक करून घेतात आणि तेच पुरुषांच्या पदरात टाकतात. त्यांच्या हाताशी जो श्लोक आहे तो भर्तृहरीच्या शृंगारशतकात येतो: स्रग्धरा वृत्त, स्त्री म्हणजे संशयांचा भोवरा, अविनयाचे घर वगैरे. त्यातला तिसरा आरोप 'पत्तनं साहसानाम्', साहसांचे नगर. रात्री साडेअकराला तिचा निरोप: "ताई, शृंगारशतकवाला बायकांना शूर म्हणून शिव्या देतोय का?"

मी उठून बसले.

साहस हा इथे दोष आहे. दुसरे एक सुभाषित, चाणक्याच्या नावावर चालणारे, तेही असत्य, कपट, मूर्खपणा, अतिलोभ यांच्या रांगेत साहस बसवते आणि हे बायकांचे उपजत दोष म्हणते. मनुस्मृतीत तर साहस हा खटल्यांचा एक स्वतंत्र प्रकारच आहे: समोरासमोर, बळजबरीने केलेला गुन्हा. दंडाचे मापही त्याच नावाने: प्रथम साहस २५० पण (तेव्हाचे नाणे), मध्यम ५००, उत्तम १०००. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७, ताराबाईंच्या काळाला अगदी जवळची) अविचाराने, उतावळेपणाने केलेले कृत्य हाच अर्थ ठळक आहे.

आता मुखपृष्ठ पुन्हा वाचा. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण. बाई शौर्याची स्पर्धा लावत नाहीत. त्या विचारतात, खरे अविचारी, बेछूट, गुन्हेगार कोण? पुस्तकाच्या नावाखालीच आरोपपत्र आहे, आणि मी ८ जूनला त्यावर 'धाडसी, शूर' असे लिहून चहाला गेले होते. टीप नसती तर वाचक चुकला असता तो स्वतःच्या हिमतीवर. माझ्या टिपेने त्याला हात धरून खड्ड्यात नेले असते.

नवी टीप शास्त्रीबाईने लिहिली. पहिला खर्डा दीड पान, मनू, चाणक्य, पण, दंड सगळे आत. कापून पाच ओळींवर आणली. दंडाचे आकडे गेले, तिला वाईट वाटले. मलाही, म्हणून ते इथे लिहून ठेवले आहेत.

२५ ऑगस्ट
हा धक्का बसल्यावर टिपांची यादी उलटी तपासायला घेतली. आजवर आम्ही अवघड शब्द शोधत होतो. अवघड शब्दापाशी वाचक आपणहून थांबतो, कोश उघडतो किंवा सोडून देतो, पण फसत नाही. फसतो तो ओळखीच्या शब्दाने.

गटाबाहेरच्या दोघींना, अकोल्याच्या एका महाविद्यालयातल्या मुलींना, टिपांशिवाय बारा पाने वाचायला दिली आणि जिथे अडाल तिथे खूण करा म्हटले. त्यांनी खुणा केल्या त्या बहुतेक संस्कृतवर. मग आम्ही तोंडी विचारले, हे वाक्य तुमच्या शब्दांत सांगा. तिथे खरी यादी मिळाली. वाईट म्हणजे आमची एक टीपही त्या यादीत निघाली. विधवांच्या पुनर्विवाहाबद्दल लिहिताना गुरुजींनी 'काही जातींत पाट लावण्याची चाल होती' असे लिहिले होते. एकीला वाटले, जेवायला बसायचा पाट. दुसरीच्या गावी धरणाचा कालवा आहे. तिला वाटले, पाण्याचा. 'पाट म्हणजे विधवेचा किंवा नवऱ्याने सोडलेल्या बाईचा दुसरा विवाह' असे लिहून टिपेला टीप लागली. गुरुजी म्हणाले, "माझ्या आजीचा पाटच होता, मला सुचलेच नाही की हा शब्द कोणाला सांगावा लागेल."

८ सप्टेंबर
विजयालक्ष्मीची टीप. पुस्तकाला निमित्त झालेला खटला: १८८१, सुरत. तरुण ब्राह्मण विधवा, नवजात मूल मारल्याचा आरोप, फाशीची शिक्षा. अपिलात फाशीची जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि पुढे तीही कमी झाली. त्या निमित्ताने 'पुणे वैभव'सारख्या पत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतले गेले आणि ताराबाईंनी लेखणी उचलली.

गटातल्या एकाला इथे १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा हवा होता, दुसऱ्याला १८६३ चे जोतीराव फुल्यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह, तिसऱ्याला 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात (१८८५) जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेतली तो मजकूर. तिन्ही महत्त्वाचे. पण तिन्ही घातले तर टीप पानाच्या वर चढते. कायदा आणि गृह एकेका वाक्यात ठेवले. 'सत्सार' प्रस्तावनेत गेला.

खरा वाद शेवटच्या वाक्यावर. मसुद्यात होते: 'या प्रकरणातील पुरुषाला मात्र कोणतीही शिक्षा झाली नाही.' वाक्य चांगले. पण हा मुद्दा ताराबाई स्वतः मांडणार आहेत, आणि कितीतरी जास्त धारेने. टिपेने त्यांच्या आधी तोंड उघडले तर बाईंचा वार बोथट होतो. वाक्य काढले. टीपही परिच्छेदाच्या सुरुवातीला होती, ती शेवटी नेली.

२२ सप्टेंबर
सगळी पाने हिरवी. शिलाईत गेलेल्या समासातले सात शब्द चौकटी कंसात, तर्काने भरलेले म्हणून. 'घरांत'ची अकरा ठिकाणे अनिर्णित, मूळ रूपात.

२९ सप्टेंबर
ईपब. दादाच्या फोनवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. गुरुजींनी चित्र पाहून विचारले, हे पुस्तक काशीला छापले का? फाइलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवायची राहिली होती. ती नोंदवली की काही टंक (फॉन्ट) आपोआप मराठी वळण घेतात, पण सगळी वाचनयंत्रे ऐकत नाहीत. म्हणून टिरो देवनागरी मराठी हा मोफत टंक फाइलमध्येच भरला. आता ल पोटाचा आणि श गाठीचा. टिपा शब्दाला स्पर्श केल्यावर उघडतात. ज्यांना नको त्यांना दिसतही नाहीत.

६ ऑक्टोबर
आवृत्ती १.० सकाळी नऊला खुली केली. मजकूर, टिपा, प्रस्तावना सगळे मुक्त. कोणीही घ्यावे, छापावे, विकावेही.

दुपारी वडोद्याहून एका आजींचा आवाजातला निरोप, सहा मिनिटांचा. 'साहसी'ची टीप वाचली म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी झाडावर चढले की आत्या ओरडायची, "साहस करू नकोस." तेव्हा त्यांना त्यात शाबासकी कधी वाटली नव्हती. शाळेत पुस्तकात 'साहसकथा' आल्या तेव्हा वाटले, या शब्दाचे नशीब फळफळले. आजींची परवानगी घेऊन हा ओरडा टिपेत घालावा का, हे शास्त्रीबाईला विचारले आहे. तिचे उत्तर: "कोशापेक्षा चांगला पुरावा आहे."

निरोपाच्या शेवटी आजी म्हणाल्या, "आणि हो, तुमच्या वाचनप्रतीच्या मुखपृष्ठावर 'स्त्रिया व पुरुष यात' असं छापलंय. दोघं आहेत ना? मग 'यांत' हवं."

पाहिले. खरेच आहे. आतले प्रत्येक पान दोघांनी तपासले, मुखपृष्ठ कोणीच नाही, कारण ते चित्र आहे आणि चित्र तक्त्यात नव्हते. गटात गुरुजींचा एका शब्दाचा निरोप येऊन पडला आहे: नरोटी. चित्राची मूळ फाइल दादाकडे, आणि दादा संध्याकाळपर्यंत मुलीच्या सामन्याला गेला आहे. तक्त्यात एक नवी ओळ घातली: मुखपृष्ठ, लाल.